चांदणी दिसेल असा मांडव

आज बाजारात ओल्या झावळ्यांचा वास आला आणि मला पनवेलचं आमचं अंगण आठवलं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. सुक्कोथच्या सणाला अंगणात मांडव घालायचो. त्या वर्षी बाबा आजारी होते, म्हणून जवळच्या नेरे गावातल्या, झावळ्या विणणाऱ्या बारकूबाईंनी छप्पर केलं.

"पान्याचा टिपूस येनार नाय!" त्या ऐटीत म्हणाल्या.

आईचा चेहरा पडला. सूर्यास्ताला सण लागणार होता. "अहो, आमचे पूर्वज वाळवंटात अशा खोपटांत राहिले. छपरातून चांदण्या दिसायला हव्यात."

"माज्या विनीला भोकं पारू?" बारकूबाई रागावल्या, पण शिडीवर चढल्या आणि एकेक पात बाजूला सारत राहिल्या.

आईने दिवे लावले. आम्ही सगळे मांडवात माना वर करून उभे.

"दिसली! ती बग चांदनी!" पहिली आरोळी बारकूबाईंचीच.

पूर्वजांच्या त्या वाळवंटात मी अजून गेलेले नाही, पण त्या भोकातून ते मला पहिल्यांदा दिसलं.

पुढच्या वर्षी बाबा ठणठणीत होते. तरी बारकूबाई न बोलावता आल्या आणि बाबांच्या हातून शिडी काढून घेत म्हणाल्या, "सरका. भोकांचा मांडव माज्याबिगर कोनाला जमत नाय."