उशिरा पोचणारे आकडे

रेवा, आमच्या वेळी इंटरमीजिएट म्हटलं की ती चित्रकलेचीच परीक्षा असायची. तुझी बॅलेची आहे, हे मी शेजारच्या मालतीबाईंना दोनदा समजावून सांगितलं.

रविवारी तू व्हिडिओ कॉल लावून फोन कपाटाला टेकवून ठेवलास आणि खुर्चीची पाठ धरून सराव करू लागलीस. ‘आजी, तू आकडे म्हण,’ म्हणालीस. मी चष्मा पुसला, नीट बसले आणि एक ते आठ मोजू लागले. तुझा पाय मात्र माझ्या आकड्यावर पडेना. शेवटी धाकटा निहार हसत म्हणाला, ‘आजी, तुझं चार येतं तेव्हा ताईचं सहा झालेलं असतं.’ तू त्याला दटावलंस आणि मला हळूच म्हणालीस, ‘आजी, तू नुसती बघ.’

मी बघत राहिले. मग लक्षात आलं, मला वर उचललेला दिसतो तो पाय तिकडे केव्हाच खाली आलेला असतो. तुमचं सगळंच मला असं उशिरा कळतं. निहारचा दात पडल्याचं कळलं, तेव्हा नवा यायलाही लागला होता. तू आईएवढी झालीस हे तर परवा, त्या खुर्चीची पाठ तुझ्या कमरेखाली आलेली दिसली तेव्हा कळलं.

परीक्षेच्या दिवशी मी इथे खुर्चीची पाठ धरून उभी राहीन आणि एक ते आठ मोजेन. फोन बंद असेल. माझा आवाज तुला पोचणार नाही, म्हणजे उशिराही पोचणार नाही.