ईरम्माचे तळहात

ईरम्माच्या मते चिंचोळी एमआयडीसीतल्या त्या टॉवेलच्या कारखान्यात काम कळणारं माणूस एकच, ती स्वतः. बाकी सगळी खोगीरभरती. बावीस वर्षं तपासणीच्या टेबलावर काढलेली बाई. टॉवेल पुढ्यात आला की तळहात फिरवायचा. सुटलेला धागा, गाठ, उसवलेली शिवण, सगळं बोटांना सापडायचं. तेलाचा डाग तर ती वासावरनं धरायची.

डोळ्यांचं तिचं काही अडत नव्हतं, आणि ते बरंच होतं, कारण तीन वर्षांपासनं मोतीबिंदूनं पुढ्यात नुसतं दूध सांडल्यागत झालं होतं. काम जाईल म्हणून तिनं कुठं ब्र काढला नाही, आणि कुणाला कळलंही नाही. मेली सगळी, डोळे असून आंधळी, असं मनात म्हणत ती मान ताठ ठेवून कामाला लागायची.

त्यातही डाव्या बाजूला बसणाऱ्या मीनाबाईचा तिला भारी तिटकारा. काय ती बडबड! दिवसभर स्वतःच्या टेबलावरचं सोडून हिच्या टेबलात डोकं. "ह्यो गुलाबी बेस हाय की, अक्का." "ह्याचा काठ लई फिक्का मारलाय बगा." हिला काम येत नाही म्हणून हिचं तोंड चालतं, असं ईरम्माचं ठाम मत. ती खेकसून गप्प बस म्हणायची आणि पुढचा टॉवेल ओढायची. फिक्का टॉवेल तोवर तिच्याच हातानं बाजूला पडलेला असायचा.

मग पुण्याला शिकून आलेला मल्लिनाथ सुपरवायझर झाला. त्यानं बायकांना तासभर पडद्यावर चित्रं दाखवत एकाग्रतेवर भाषण झोडलं. ईरम्मा पहिल्या रांगेत पडदा सोडून बाजूच्या भिंतीकडं तोंड करून बसली होती. लक्ष द्यायला शिकवणाऱ्या त्या शहाण्याला तेवढंही दिसलं नाही. शेवटी तो म्हणाला, आता परीक्षा. गठ्ठ्यात दहा खराब टॉवेल आहेत, एक जरी सुटला तरी उद्यापासून घरी बसायचं. बडबड नको म्हणून मीनाबाईला त्यानं पार दुसऱ्या टोकाला बसवलं. एकदाची पीडा टळली, ईरम्माला वाटलं.

नऊ टॉवेल तिनं हां हां म्हणता काढले.

"दहावा तुमच्या हातातच आहे," मल्लिनाथ म्हणाला. "काय चुकलंय सांगा."

तिनं तळहात फिरवला. उलटा केला, परत फिरवला. नाकाशी धरला. टाका न् टाका जागेवर होता. डाव्या कानाला मात्र काहीतरी कमी पडत होतं. ते काय, हे आत्ता तिच्या ध्यानात आलं. तीन वर्षं रंग चुकलेले टॉवेल काढले कुणी? तळहाताला कुठला रंग कळतोय!

मल्लिनाथनं घड्याळ पाहिलं. ईरम्माला स्वतःचीच किळस आली, पण काम सोडवेना.

"मीना, बोल की," ती खोलीच्या त्या टोकाकडं बघून म्हणाली. "एरवी तोंड मिटत न्हाय तुजं."

"काठ हिरवा हाय, अक्का. निळा पायजे."

मल्लिनाथनं तेव्हा पहिल्यांदा ईरम्माच्या डोळ्यांकडं पाहिलं.