वाघमारेबाई आणि माझे अर्धे वाक्य

डॉ. सुजाता वाघमारे यांना मी प्रथम भेटलो तेव्हा साधा नमस्कारही म्हणू शकलो नाही. हिंजवडीत संगणक कंपन्या भराभर उभ्या राहत होत्या, त्यांतल्या एकीत मी नव्या मुलांना शिकवत असे आणि उरलेल्या वेळात वर्तमानपत्रातून लोकांना टोचत असे. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली आणि माझ्याकडे एकच शब्द उरला: ‘बरं’. तोपर्यंत तो मी कुणालाही म्हटला नव्हता. ओळखीच्यांनी पेढे वाटले नाहीत, हा त्यांचा सभ्यपणा.

कंपनीने तीन महिने दिले होते. तोवर बोललो नाही, तर नोकरी संपली.

बाई वाचोपचारतज्ज्ञ, गेलेलं बोलणं परत शिकवणाऱ्या. शनिवार पेठेतल्या आपल्या खोलीत त्यांनी वर्तमानपत्राचं पान मुठीत चुरगळून दाखवलं. “मेंदूचं वरचं आवरण असंच घड्या पडून कवटीत बसलेलं असतं. जाडी दोन-तीन मिलिमीटर. बोलणं, आठवणं, ठरवणं, बरंचसं त्यातच. तुमचा डावीकडचा तुकडा दुखावलाय. आता शेजारच्या भागाला ते काम शिकवायचं.”

शनिवार पेठेत शेजाऱ्याकडून काम करून घ्यायचं! पण हे बोलून दाखवणार कसा?

भिंतीवर पाटी होती: ‘रुग्णाचे वाक्य नातेवाइकांनी पूर्ण करू नये.’ समोर कपाचं चित्र. मी ‘क... क...’वर घामाघूम. शेवटी सौभाग्यवतींना राहवलं नाही. “कप!”

“वहिनी, तुमचा मेंदू उत्तम आहे,” बाई म्हणाल्या. “उपचार यांच्यावर चाललाय. बाहेर बसा.”

वीस मिनिटांनी मी ‘कप’ म्हणालो. शाबासकी नाही. बाईंनी पुढचं चित्र ठेवलं. “आता बशी.”

असे अडीच महिने गेले. मग कंपनीतले तरुण साहेब तिथेच आले. “सर, तुम्ही उगाच त्रास नका घेऊ, आम्ही तुमचं रिझाइन...”

“थांबा,” बाई म्हणाल्या. “त्यांचं वाक्य सुरू झालंय.”

साहेबांनी तीनदा घड्याळ पाहिलं. बाई हलल्या नाहीत.

“मी... सोमवारी... शिकवायला... येतो.”

साहेब गेल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, “क्रियापद उशिरा आलं. उद्या नऊला या.”

नोकरी टिकली. शब्द आजही मधेच अडतो. बाई आजही थांबतात. यंदा त्यांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होताहेत; आता त्यांनी विश्रांती घ्यावी, असं त्यानिमित्त नेमलेल्या गौरव समितीतल्या काहींचं म्हणणं आहे. माझा ठाम विरोध आहे. बाहेरच्या बाकावर अजून माणसं बसली आहेत. बाईंना निरोगी शंभर वर्षं लाभोत, आणि रोज सकाळी नऊला त्या खोलीचं कुलूप त्यांनीच उघडावं.