पन्नासला थरथरणारं हँडल

आमची सून मोटरसायकलवरून जेवणाचे डबे पोचवते. नेऱ्याजवळच्या आमच्या गावातून निघते आणि करंजाड्याच्या इमारतींत फिरून दुपारी परत येते. कालवण तिचं, भाकऱ्या माझ्या. तिथे राहणाऱ्या नोकरदार मुलांना तांदळाची भाकरी आणि सुकट खायला आवडते, करायला येत नाही. आमचं बरं चाललंय.

मोटरसायकल माझ्या नवऱ्याची. तो गेल्यावर ती पडवीत उभी होती. सुनेला स्कूटी घेऊन द्या असं शेजारणींनी फार सांगितलं. पण सून चिरनेरची. तिच्या बापाने तिला लग्नाआधीच मोटरसायकल शिकवलेली. पावसाळ्याच्या तोंडावर मुलाने गाडीची डागडुजी केली आणि तिचे डबे सुरू झाले. मी पण कधी कधी मागे बसून पनवेलला मासळी आणायला जाते. साडी नेसून मोटरसायकल चालवता येत नाही म्हणून ती पंजाबी ड्रेस घालते. त्यावर गावात दोन महिने बोलणं झालं, मग लोकांना दुसरं काही सापडलं.

दिवाळीनंतर गाडीचं हँडल थरथरायला लागलं. चाळीसपर्यंत काही नाही. काटा पन्नासच्या जवळ आला की हँडल डावीकडे उजवीकडे हलायचं, थंडीताप भरलेल्या माणसाच्या हातासारखं. वेग कमी केला की गप. सून दोन्ही हातांनी घट्ट धरून चालवायची आणि घरी येऊन मनगटं चोळायची. एक दिवस ओढणी सावरायला तिने एक हात सोडला तर हँडल असं फिरलं की गाडी रस्ता सोडून खडीवर गेली. पडली नाही. डबे मात्र सांडले. घरी येऊन तिने जे झालं ते सगळं नवऱ्याला सांगितलं. मी असते तर डाळ सांडली एवढंच सांगितलं असतं.

माझा मुलगा पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर आहे. गाड्यांतलं मला कळतं असं तो म्हणतो आणि बरंचसं कळतंही. त्याने गॅरेजमध्ये नेऊन हँडलच्या खाली जो कोनसेट असतो, ज्याच्यावर हँडल फिरतं, तो नवा टाकून आणला. तरी थरथर तशीच. मग त्याने स्वतः गावाच्या टोकापर्यंत चालवून बघितली.

"माझ्या हातात गप बसते," आल्यावर म्हणाला.

"तुमी चाळीसच्या वर न्या ना," सून म्हणाली.

"गावात चाळीसच्या वर नेऊन कोणाची कोंबडी मारू? कोनसेट नवा हाय. आता गाडीत काय नाय. तुझ्या हातात हाय."

जेवताना त्याने ठरवून टाकलं. डबे बंद, गाडी विकायची. त्याच्या साडूच्या ओळखीत गिऱ्हाईक होतं, रविवारी येऊन गाडी घेऊन जाणार होतं. तो घाबरला होता हे मला दिसत होतं. टँकरवर रोज रस्त्यात पडलेली माणसं बघतो तो. पण घाबरलो असं म्हणायचं सोडून तो तिच्या हाताला नावं ठेवत होता, आणि तिला तेच लागलं. रात्री भांडी आदळत होती. गाडी गेली असती तर डबे संपले असते, कारण सकाळच्या त्या वेळेला आमच्याकडून करंजाड्याला धड जायला काही नाही. आणि डबे संपले असते तर ती परत घरात बसून माझं तोंड बघत बसली असती. मला ते नको होतं. मीही तिचं बघून कंटाळले असते.

शनिवारी डबे नसतात. सकाळीच तिने गाडी अंगणात काढली. फोनमध्ये बघून बघून तिने काय काय तपासायचं ते डोक्यात घेतलं होतं. फोनमधला माणूस हिंदी बोलायचा आणि फार बोलायचा, पण एक गोष्ट त्याने बरी सांगितली होती. एका वेळी एकच बदलायचं, आणि मग बघायचं. त्याप्रमाणे तिने आधीच डब्यांच्या पिशव्या काढून चालवून बघितली होती. थरथरली. हवा बरोबर भरून बघितली होती. थरथरली. आता चाक बघायचं राहिलं होतं.

गाडी मोठ्या स्टँडवर लावली तरी पुढचं चाक जमिनीला टेकूनच होतं. तिने इकडेतिकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आय, तुमी जरा मागं बसता?"

"कुठं?"

"पार टोकाला. कॅरिअरवर."

मी बसले. मागचं टोक खाली गेलं आणि पुढचं चाक वर आलं. माझ्या वजनाचा या घराला असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. मुलगा चहाचा कप घेऊन ओटीवर आला.

"आय, कुठं निघालीस?"

"पुण्याला," मी म्हटलं. "तुला काय आणू?"

तो तिथेच चहा पीत उभा राहिला. सुनेने चाकाला वरून आणि खालून धरून हलवलं. खडखड नाही, म्हणजे बेअरिंग ठीक. चाकाला धरणाऱ्या दोन्ही दांड्या पुढे मागे ओढल्या. ठक असा आवाज आला नाही.

"सांगितलं ना, कोनसेट नवा हाय," मुलगा ओटीवरून म्हणाला.

"म्हणून तर तो नाय," ती म्हणाली. मान वर केली नाही.

मग पान्याने चाकाची एकेक तार वाजवली. सगळ्या एका आवाजाच्या, एक तेवढी सैल. ती तिने आवळली. पुढच्या ब्रेकची वायर ढिली केली, म्हणजे चाक मोकळं फिरेल. खराट्याची एक काडी घेऊन रिमच्या अगदी जवळ धरली आणि चाक फिरवलं. काडी आणि रिम यांच्यातलं अंतर सगळीकडे सारखं राहिलं. रिम वाकडी नव्हती. तिचं तोंड पडलं. रिम वाकडी निघाली असती तर तिला बरं वाटलं असतं.

"झालं?" मुलाने विचारलं.

"तुमचा चहा झाला?"

तिने काडी थोडी वर नेऊन टायरजवळ धरली. चाक फिरवलं. आता दर फेरीला एकदा काडीवर टक असं लागायचं. एका जागी टायर जरासा फुगलेला होता. डोळ्याला दिसत नव्हता, काडीला कळत होता.

"जुन्या टायरला असतं तेवढं," मुलगा म्हणाला, पण ओटीवरून खाली उतरला.

तिने चाक हळू फिरवून सोडून दिलं. ते फिरलं, थांबायला आलं, थोडं उलटं गेलं, परत पुढे आलं आणि थांबलं. खाली जी जागा आली तिथे तिने खडूने रेघ मारली. परत फिरवलं. रेघ खालीच येऊन थांबली. रेघ मुद्दाम वर नेऊन सोडली तरी चाक आपोआप फिरून रेघ खाली. आणि काडीला लागणारी जागाही तीच होती.

"तिथं काय तरी जड हाय," ती म्हणाली.

मुलगा उकिडवा बसला. त्याने स्वतः फिरवून बघितलं. "आतून चिखल असेल," म्हणाला. पाणी मारलं, चिखल नव्हता. "मग ट्यूबला ठिगळ असेल." ठिगळ असं किती जड असणार, हे त्याचं त्यालाच पटलं नाही. दोघं चाकापाशी बसून राहिली.

मी वर बसलेलीच होते. मला उतरा असं कुणी म्हटलं नव्हतं आणि कॅरिअरच्या सळ्या टोचत होत्या. त्या टोचण्यावरूनच मला आठवलं. नवऱ्यामागे बसून मी वर्षानुवर्षं पनवेलला गेले. शेवटच्या काळात चांगला रस्ता लागला आणि त्याने वेग धरला की माझ्या बुडाखाली धपधप व्हायचं, कुणी खालून मूठ मारतंय असं. मी बोलले की तो म्हणायचा, टायरात तुकडा हाय, गप बस. सुनेच्या मागे बसायला लागल्यापासून मात्र ती धपधप नव्हती. मला वाटलं, सीटचा फोम बदललाय म्हणून असेल.

"मागचा जुना टायर कुठं टाकलास रे?" मी मुलाला विचारलं.

त्याने खडूच्या रेघेकडे बघितलं. मग म्हणाला, "पुढं."

आमच्याकडे टायर असा फेकत नाहीत. आतला दोरा दिसेपर्यंत वापरायचा. नवा घेतला तर तो मागे, कारण सगळा भार मागे असतो. माणसं, पोती, मासळीची टोपली. आणि मागचा उतरलेला, पण अजून चालणारा, तो पुढे. गावात सगळे असंच करतात आणि या गाडीची दोन्ही चाकं एकाच मापाची, त्यामुळे सोपं. पावसाळ्याच्या तोंडावर पुढचा टायर अगदीच गुळगुळीत झाला होता, तेव्हा मुलाने तसंच करून घेतलं होतं.

"टायर चांगला होता, आय."

"होताच. त्यात तुझ्या बापाने घातलेला तुकडा होता."

"मला काय म्हाईत?"

त्याला माहीत नसणारच, तो टँकरवर असायचा. बांधकामाच्या रस्त्यावर सळीने टायर चिरला होता, तेव्हा नवऱ्याने आतून दुसऱ्या टायरचा तुकडा बसवून घेतला होता. गेटर म्हणतात त्याला. चिरेतून ट्यूब बाहेर येत नाही आणि टायर आणखी दिवस निघतो. मागे होता तोवर तो मला मारत होता. पुढे गेल्यावर तिच्या हाताला मारायला लागला. पावसाळाभर कुणाला कळलं नाही, कारण रस्ता पाइपसाठी खणलेला होता आणि तीसच्या वर कुणाची गाडी जात नव्हती. दिवाळीला डांबर पडलं, वेग आला आणि थरथर दिसली.

"आता उतरू का मी?" मी विचारलं. सुनेने हात देऊन उतरवलं. ती हसत होती. मुलगा हसत नव्हता.

नाक्यावरच्या पंक्चरवाल्या चाचाकडे गेलो, आम्ही दोघी मोटरसायकलवर हळूहळू आणि मुलगा शेजाऱ्याच्या स्कूटीवर. चाचाने टायर उघडून हात घातला आणि वीतभर लांब काळा तुकडा बाहेर ओढला. एका टोकाला तो दुमडून दुप्पट जाड झाला होता. चाचाने तो हातात झेलून बघितला.

"हे किसने टाकला, मावशी?"

"ज्यानं टाकला तो वर गेला. भेटला की विचारते."

"घाई नको," चाचा म्हणाला.

आतून चीर बोटभर उघडी होती. तो टायर परत बसवायला चाचाने नाही म्हटलं. मुलगा पनवेलला जाऊन नवा टायर घेऊन आला. टायर चाचाच्या पुढ्यात टाकला आणि सवयीने म्हणाला, "मागचा काढून पुढं घाल. हा नवा मागं."

सुनेने चाचाच्या हातावर हात ठेवला नाही एवढंच. "थांबा," म्हणाली. "नवा पुढंच."

"भार मागं असतो. बाबा पण मागंच टाकायचे."

"टँकरला पुढं जुना टाकता का तुमी?"

"टँकरला कसा टाकीन? पुढचा गेला तर गाडी हातात राहत नाय," तो म्हणाला. म्हणून झाल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं. चाचा खाली बघून हवेची नळी पुसत राहिला.

"टाक पुढं," मुलगा म्हणाला.

चाचाने नव्या टायरवरचा रंगाचा टिपका हवा भरायच्या नळीसमोर आणून बसवला. नळीकडची बाजू जड असते, टिपक्याकडची हलकी, म्हणून ती एकत्र. चाक गाडीला लावून त्याने फिरवून सोडलं. एकदा इथे थांबलं, एकदा तिथे. कुठलीच जागा हटकून खाली येईना.

मुलगा किल्ली घ्यायला पुढे झाला. सुनेने दिली नाही.

"मी चालवते. तुमी मागं बसा."

नाक्यावर ओळखीची माणसं होती. बायकोच्या मागे तो कधी बसला नव्हता. त्याने माझ्याकडे बघितलं.

"मी सकाळपासून बसलेय," मी म्हटलं. "आता तू बस."

बसला. पाठ ताठ, हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. ती दोघं हायवेच्या बाजूला गेली. चाचाने मला स्टुल दिलं आणि चहा मागवला. चहा गोड होता, डॉक्टरने नको म्हटलेला, मी प्यायले. दोघं परत आली तेव्हा मुलगा चिडलेला होता.

"पंचावन्नला नेली आणि हात सोडला हिनं, आय."

"कशाला गो?" मी विचारलं.

"हलतंय का बघायला."

"मग हललं?"

उत्तर त्यानेच दिलं. "नाय." मग तो फोन घेऊन बाजूला गेला. साडूशी बोलत होता, मला ऐकू येत होतं. "नाय, नको पाठवू त्याला उद्या. गाडी नाय विकायची. बायकोला लागते कामाला." मग पलीकडून काहीतरी थट्टा झाली असावी, कारण तो म्हणाला, "हो, बसलो मागं. तू पण बसून बघ."

सोमवारी पहाटे मी उकड काढून भाकऱ्या थापल्या. सून पिशव्या लावून गेली आणि दुपारी आली. मनगटं चोळली नाहीत. तरी मी विचारलं, हँडल हललं का.

"नाय," ती म्हणाली. "पण एका इमारतीत म्हणाले, भाकरी करपली होती."

ते खरं होतं. गॅस मोठा राहिला होता. मी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशीसाठी पीठ चाळायला घेतलं.