चुडाव्याचं लग्न आणि अमेरिकेचा कॅमेरा

सिद्धार्थचं पोस्टकार्ड आलं आणि मी निघालोच. "प्रज्ञाचं लग्न ठरलंय. तुझ्या मामेभावाचा कॅमेरा घेऊन ये. नक्की ये." नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. सिद्धार्थ माझा औरंगाबादच्या होस्टेलातला जोडीदार, प्रज्ञा त्याची धाकटी बहीण. आणि व्हिडिओ कॅमेरा थेट अमेरिकेचा, सुट्टीवर आलेल्या मामेभावाच्या हातापाया पडून मिळवलेला. मग काय विचारता, कॉलर ताठ!

औरंगाबादहून मंठा-जिंतूरमार्गे परभणीची पहिली एसटी धरली. उन्हाळ्यात जाणार असाल तर उजवीकडची खिडकी पकडा, सकाळचं ऊन डावीकडून भाजून काढतं. वाटेत चारठाण्याला उतरून जुनी देवळं बघाच. काळ्याभोर दगडाचे खांब आणि त्यांवरची ती नक्षी! मी वेड्यासारखं अर्धा तास शूटिंग केलं. पुढे जिंतूरच्या स्टँडवर गरम भजी, आणि परभणीहून पॅसेंजर. ती पूर्णा जंक्शनला मनसोक्त थांबते, तेव्हा चहा निवांत प्या. चुडाव्याला उतरलो तेव्हा चार वाजले होते.

दारातच गयाआत्या भेटल्या. सिद्धार्थच्या वडिलांची थोरली बहीण. कपाळावर गोंदण, आवाज खणखणीत. "आलास का लेकरा? आधी भाकर खा, मग तुझी मशीन दाव." भाकरी आणि ठेचा असा होता की डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून वाहवा एकदमच निघालं.

जेवताना सिद्धार्थ म्हणाला, "अठ्ठ्याहत्तरला, नामांतराच्या दंगलीत, आमचं जुन्या गावातलं घर जाळलं. पेटीतले फोटो त्यातच गेले. आई आधीच गेलेली. तिचा एकसुद्धा फोटो न्हाई आमच्याकडं. प्रज्ञाला आईचा चेहराच आठवत न्हाई. आत्यानंच वाढवलं आमाला. आत्याचं तरी तसं होऊ नये, एवढंच." माझी कॉलर आपोआप खाली आली.

जेवण होताच शेजारच्या रंगीत टीव्हीला कॅमेरा जोडला. आधी चित्र वरखाली पळत सुटलं. टीव्हीच्या मागचं बटण पिळून ते थांबवलं, तर सगळं काळंपांढरं! अमेरिकेचा कॅमेरा रंग एका पद्धतीनं लिहितो आणि आपला टीव्ही दुसऱ्याच पद्धतीनं वाचतो, हे शहाणपण मला नंतर आलं. तेव्हा नुसता घाम फुटला.

"रंगाचं राहू द्या हो दादा," प्रज्ञा म्हणाली. बीएस्सी झालेली, डोकं लखलखीत. "उद्याचं बघा." बौद्ध पद्धतीचं लग्न, त्यात सगळे पांढऱ्या कपड्यांत असणार, म्हणून तिनं आत्याला नवं पांढरं लुगडं नेसवून अंगणात उन्हात उभं केलं. मी दोन मिनिटं घेतलं आणि टीव्हीवर लावलं. लुगडं झकास, घडी न् घडी दिसत होती. आणि चेहरा? नुसता काळा डाग.

आत्या हसल्या. "आमचे फोटो असेच येतात बाबा. फोटोवाला म्हणायचा, तुमचा रंगच तसा हाय."

प्रज्ञा हसली नाही. "टेप मागं घ्या दादा. तुमचं ते देऊळ दाखवा." दाखवलं. "बघा! काळा दगड लख्ख दिसायलाय, नक्षीसुद्धा मोजता येईल. मग आत्याचंच नाक का दिसंना? दगड फ्रेमभर होता म्हणून कॅमेऱ्यानं डोळा मोठा केला. लुगडं पांढरं दिसलं की त्यानं डोळे बारीक केले. चूक तोंडाची न्हाई, ह्याची हाय. ह्याला डोळा उघडायला लावणारं बटण आसंल की?"

होतं! महिनाभर सगळं आपोआप करणाऱ्या 'ऑटो'च्या भरवशावर मिरवणाऱ्या माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. दाबलं. चेहरा उजळला, पण लुगडं साफ पांढरं फटफटीत झालं.

"अगं, घड्या गेल्या ना," मी कुरकुरलो.

"घड्या कुणाला बघायच्यात?" ती कडाडली. "आत्या दिसू द्या!"

दुसऱ्या दिवशी मी सगळं लग्न तसंच टिपलं. कपडे नुसते पांढरेफटक, पण प्रत्येक माणूस ओळखू येत होता. बुंदी-वरणभात जेवून मंडळींनी टीव्हीवर टेप पाहिली. आत्या पडद्याजवळ जाऊन म्हणाल्या, "अगं बया, ही मीच की!"

कॅमेरा अमेरिकेला परत गेला. ती टेप इथल्या कुठल्याच मशीनवर नीट चालेना, म्हणून माझ्याच कपाटात पडून राहिली. गयाआत्या पुढे काही वर्षांनी गेल्या. त्या असताना टेप घरच्यांना देता आली नाही, ही चुटपुट मी फार वर्षं बाळगली.

परवा अखेर एकाकडून ती टेप कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. सुरू केली आणि खुर्चीतून उठलोच. रंग! सगळे रंग टेपवर पहिल्यापासून होते. लगेच प्रज्ञाला पाठवली.

अर्ध्या तासानं तिचा फोन आला. म्हणाली, "दादा, आत्याचं गोंदण हिरवं होतं. मी विसरूनच गेले होते."