सिस्टर करवत घेतात

निवृत्त होऊन वर्ष झालं तरी गल्लीत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. उभी हयात ऑपरेशन थिएटरमध्ये गेलेली. डॉक्टरांनी हात पुढे करायच्या आत त्यात हवं ते हत्यार पडलेलं असायचं. घरी बसल्यावर त्यांनी सुतारकाम धरलं. स्वयंपाकघरातली कपाटं करून देतो म्हणणारा सुतार माप घेऊन गेला तो गेलाच, तेव्हा बाईंनी मनावर घेतलं. पण हातकरवतीने कापलेली फळी शेवटाला हमखास तिरकी जायची आणि खांदा दुखून यायचा. मग गच्चीवर वापरायला, टेबलासकट घडी करून ठेवता येणारी विजेची करवत घ्यायचं ठरलं.

यजमान पोस्टात कारकून होते, सबुरीचा माणूस. त्यांनी आधी जागेचं कारण काढलं, मग आवाजाचं, मग शेजाऱ्यांचं. शेवटी पोटातलं ओठावर आलं.

"अगं, बोट गेलं म्हणजे?"

"तुटलेली बोटं मी पुष्कळ पाहिलीत. म्हणून तर नीट बघून घेणार आहे."

दुकानदाराने सगळ्यात दांडगं यंत्र पुढे केलं आणि त्याची ताकद यजमानांना समजावू लागला. ते छताकडे बघत राहिले. सिस्टरनी यंत्र उचलून पाहिलं. जमिनीवरून हललं, पण गच्चीपर्यंत काही चढलं नसतं. दुसरं हलकं होतं. मात्र लाकूड टेकवायची पट्टी घट्ट करून त्यांनी मागचं टोक अंगठ्याने रेटलं, तर ते सरकलं. पट्टी सरकली की लाकूड पात्यात अडकतं आणि उसळून अंगावर येतं, हे दुकानदारानेही मान्य केलं. तिसऱ्याची पट्टी दोन्ही टोकांना पक्की बसत होती. पात्यावर झाकण होतं आणि मागे, कापलेली फट मिटू न देणारं पातळ पान होतं. मोठा तक्ता त्यावर मावणार नव्हता. तो वखारीतूनच अर्धा करून आणू म्हणत त्यांनी तेच घेतलं.

गच्चीवर पहिली फळी लावली तेव्हा यजमान दाराशी उभे होते. करवत सुरू झाली तसे त्यांनी डोळे गच्च मिटले. सिस्टरनी ते पाहिलं. यंत्र बंद केलं, पातं थांबू दिलं आणि त्यांना जवळ बोलावून लाल बटण दाखवलं.

"अहो, बाजूला उभं राहायचं आणि मी हाक मारली की हे दाबायचं. डोळे मिटून जमणार नाही."

"आणि हाक मारायच्या आधीच दाबलं तर?"

"तर फळी बिघडेल. बिघडू दे."

त्या दिवशी बऱ्याच फळ्या बिघडल्या. पुढे बटण दाबायची घाई हळूहळू थंडावली. कपाटं लागली, खालचं एक दार अजून घासतं, त्याला जरा उचलून लावावं लागतं. परवा जाऊबाईंनी स्टूल करून मागितलं, तर सिस्टरच्या आधी यजमानच म्हणाले, "वहिनी, या महिन्यात आम्हाला सवड नाही."