बाहीवरचा चीक

दाव्हावच्या मळ्यात केळीचे घड तोडणाऱ्या अमादोची बायको दोरा चिकाचे डाग काढण्यात पटाईत होती. आधी रॉकेलचा बोळा, मग लिंबू आणि मीठ. हलक्या हाताने चोळायचं, उन्हात टाकायचं. डागाळलेल्या सदऱ्यात तिने नवऱ्याला कधी चर्चला जाऊ दिलं नाही.

अमादो तापाने गेला. त्याला घालायचा पांढरा सदरा तिने काढला, तर बाहीवर चीक. तिने लिंबू कापलं.

नणंद नेनाने हात धरला. "वहिनी, मयत घरात असताना धुणं? पाठोपाठ दुसरं माणूस जातं!"

"डागाळलेला पाठवू? वर जाऊन हसेल मला."

"हसू दे. तुझा रेनान आहे ना?"

मुलगा रेनान अंगणात बाकं मांडत होता. तोही त्याच मळ्यात घड तोडायचा. दोराने लिंबू खाली ठेवलं. सदरा तसाच नवऱ्याला घातला आणि डागावर त्याचा दुसरा हात ठेवला.

दफन करून आल्यावर तिने रेनानचा कामाचा सदरा मागितला.

"उद्या धू, आई."

"मुरला की निघत नाही रे," ती म्हणाली, आणि चोळता चोळता पहिल्यांदा रडली.